रणधुमाळींतील धर्मपरिषदा

१९४१ सालच्या आरंभीं इंग्लंडची स्थिति मोठी बिकट होती. फ्रान्स शरण जाऊन सहा महिने लोटले होते. रशिया आणि अमेरिका हीं दोन्ही बलाढ्य राष्ट्रें अद्यापि जर्मनीविरुद्ध युद्धांत उतरलेलीं नव्हतीं. २९ डिसेंबरच्या रात्रीं जर्मन विमानांनीं आगलाव्या बाँबांचा वर्षाव करून लंडन शहराचा जुना गाभा जाळून टाकला होता. अशा दिवसांत, ७ जानेवारी रोजीं, वुस्टरशायर परगण्यांतील माल्व्हर्न ह्या गांवीं तेथल्या कॉलेजाच्या इमारतींत इंग्लंडच्या चर्चचे बिशप, पाद्री, अध्यापक व ग्रंथकार असे दोनशेंहून अधिक लोक एकत्र जमले आणि चार दिवस चर्चा करीत बसले. निमंत्रण होतें यॉर्कचे आर्चबिशप विल्यम टेंपल ह्यांचें. चर्चेचा विषय युद्ध कसें जिंकावें हा नव्हता. ह्या युद्धांत जी समाजव्यवस्था डोळ्यांदेखत ढासळत आहे तिच्या जागीं पुढें कोणती व्यवस्था यावी, आणि तें ठरवितांना धर्मसंस्थेनें कांहीं बोलावें कीं मुकाट्यानें राहावें, हा तो विषय होता.

घराला आग लागली असतां नव्या घराचा नकाशा काढीत बसण्यासारखाच हा प्रकार नव्हे काय, असें कोणासही वाटेल. परंतु त्या मंडळींपुढें मागच्या पिढीचा दाखला ताजा होता. १९१४ ते १९१८ च्या युद्धांत पुढल्या शांततेचा विचार करणारे लोक मूठभरच निघाले, आणि व्हर्सायच्या तहाची वेळ आली तेव्हां शांतपणें विचार करण्याची मनःस्थितीच फारशी कोणाची उरली नव्हती. विजयाच्या दुसऱ्या दिवशीं सूडाची भाषा जितकी सहज सुचते तितकी न्यायाची सुचत नाहीं. म्हणून न्यायाचें बोलणें आधींच होऊन गेलें पाहिजे, ही ह्या खटाटोपामागची प्रेरणा होती.

माल्व्हर्नच्या आधीं थोडे दिवस, २१ डिसेंबर १९४० रोजीं, लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत एक पत्र प्रसिद्ध झालें होतें. त्यावर कँटरबरीचे आर्चबिशप लँग, यॉर्कचे टेंपल, रोमन कॅथॉलिकांचे कार्डिनल हिन्स्ली आणि स्वतंत्र प्रॉटेस्टंट पंथांचे प्रमुख अशा चौघांच्या सह्या होत्या. चारशें वर्षें एकमेकांशीं भांडत आलेल्या पंथांच्या प्रमुखांनीं एका कागदावर सह्या कराव्या हीच मोठी नवलाची गोष्ट. पत्रांत दहा कलमें होतीं. पांच कलमें पोप बारावे पायस ह्यांनीं १९३९ च्या नाताळांत सांगितलेलीं, तर उरलेलीं पांच १९३७ सालीं ऑक्सफर्ड येथें भरलेल्या जागतिक ख्रिस्ती परिषदेच्या विचारांतून घेतलेलीं. संपत्तीची आत्यंतिक विषमता नाहींशी व्हावी, प्रत्येक मुलाला शिक्षणाची समान संधि मिळावी, पृथ्वीवरील साधनसामग्री साऱ्या मानवजातीकरितां व पुढच्या पिढ्यांचा विचार करून वापरली जावी, अशा मागण्या त्यांत होत्या. आणि अगदीं पहिलें कलम असें कीं, राष्ट्र लहान असो वा मोठें, त्याला जगण्याचा व स्वतंत्र राहण्याचा हक्क आहे. तें कलम हिंदुस्थानांत कोणत्या नजरेनें वाचलें जाण्यासारखें होतें, हें सांगावयास नकोच.

माल्व्हर्नच्या व्यासपीठावर बोलणारे लोक सामान्य नव्हते. कवि टी. एस. एलियट, रहस्यकथा लिहितां लिहितां धर्मविचाराकडे वळलेल्या डोरोथी सेयर्स, टीकाकार मिडलटन मरी अशीं नांवें त्यांत होतीं. व्याख्यानें मात्र पुष्कळ आणि तात्त्विक, अन् चर्चेला वेळ थोडा. खेड्यांतून आलेल्या साध्या पाद्र्यांच्या डोक्यावरून त्यांतील बराच भाग गेला असावा. परिषदेंत जीव आला तो सर रिचर्ड अ‍ॅक्लंड ह्या पार्लमेंटच्या तरुण सभासदाच्या भाषणानें. अ‍ॅक्लंड हे लिबरल पक्षाचे व पिढीजाद जमीनदार घराण्यांतले. त्यांनीं सरळ मुद्द्याला हात घातला. उत्पादनाच्या मुख्य साधनांची मालकी खासगी व्यक्तींच्या हातीं असणें हें माणसाला ख्रिस्ती जीवन जगण्याच्या वाटेंतील अडखळण आहे, असें परिषदेनें स्पष्ट म्हणावें, अशी त्यांची मागणी होती.

सभा गोंधळांत पडली. पापपुण्याविषयीं बोलण्याची बिशपांना संवय होती. मालकीहक्काविषयीं बोलण्याची नव्हती. शेवटीं एका क्रियापदावर तडजोड झाली. ‘अडखळण आहे’ ह्याच्या जागीं ‘अडखळण असूं शकेल’ असे शब्द घालून तें विधान मान्य झालें. ‘आहे’ आणि ‘असूं शकेल’ ह्यांमधील अंतर मोजूं लागलें तर त्या काळच्या धर्मसंस्थेचें धैर्य आणि संकोच हीं दोन्ही त्यांत सांपडतात. एवढ्या मवाळ शब्दांनींही चर्च समाजवादी झालें अशी ओरड व्हावयाची ती झालीच. अ‍ॅक्लंड ह्यांनीं स्वतःपुरता प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला. १९४४ सालीं त्यांनीं आपल्या वडिलोपार्जित जमिनीचा मोठा भाग ‘नॅशनल ट्रस्ट’ ह्या सार्वजनिक संस्थेच्या हवालीं केला.

टेंपल ह्यांनीं तो धागा सोडला नाहीं. १९४२ सालीं ते कँटरबरीचे आर्चबिशप झाले, आणि त्याच वर्षीं समाजव्यवस्थेवरील त्यांचें एक लहानसें पुस्तक ‘पेंग्विन’ मालेंत निघालें. छापण्यापूर्वीं अर्थशास्त्रज्ञ केन्स ह्यांनीं तें वाचून सूचना केल्या होत्या. पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रति खपल्या. वर्षअखेरीस टेंपल ह्यांचे ऑक्सफर्डपासूनचे स्नेही बेव्हरिज ह्यांचा सामाजिक विम्याविषयींचा प्रसिद्ध अहवाल बाहेर पडला, तेव्हां वाचकवर्गाचें मन त्या विचारासाठीं बरेंचसें तयार झालेलें होतें. युद्धोत्तर ब्रिटनमधील मोफत वैद्यकीय सेवा आणि सामाजिक विमा ह्यांचें श्रेय एकट्या माल्व्हर्नला देणें अतिशयोक्तीचें होईल; परंतु त्यांच्या पूर्वतयारींतून माल्व्हर्नला वगळतांही येणार नाहीं.

अमेरिकेंतील प्रॉटेस्टंट पंथांची जी संयुक्त संस्था होती, तिनें १९४० च्या डिसेंबरांतच न्याय्य व टिकाऊ शांततेच्या पायाचा अभ्यास करण्यासाठीं एक आयोग नेमला होता. त्याचे अध्यक्ष जॉन फॉस्टर डलेस हे पाद्री नव्हते. न्यूयॉर्कचे मोठे कायदेपंडित होते. त्यांचे वडील मात्र प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. ३ ते ५ मार्च १९४२ ह्या दिवसांत, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर तीनच महिन्यांनीं, ह्या आयोगाची परिषद ओहायओ संस्थानांतील डेलावेअर ह्या गांवच्या विद्यापीठांत भरली. एका प्रसिद्ध अमेरिकन साप्ताहिकानें तिला ‘अमेरिकन माल्व्हर्न’ असें नांव दिलें. परंतु दोहोंत फरक होता. इंग्रजांची दृष्टि आपल्या घरावर, खाणींवर, कारखान्यांवर व शाळांवर होती. अमेरिकनांची जगाच्या घडीवर. राष्ट्रांचें निरंकुश सार्वभौमत्व हेंच युद्धाचें मूळ असून त्याला कांहीं आंतरराष्ट्रीय बंधन पाहिजे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

ह्या विचाराला पुढच्या वर्षीं, मार्च १९४३ मध्यें, सहा कलमांचें सुटसुटीत रूप मिळालें आणि ‘शांततेचे सहा स्तंभ’ ह्या नांवानें तीं कलमें देशभर गेलीं. दोस्त राष्ट्रांचें सहकार्य युद्धानंतरही टिकविणारी राजकीय रचना, ज्यांचे परिणाम परराष्ट्रांवर होतात अशा आर्थिक व्यवहारांचें नियमन, बदलत्या परिस्थितीप्रमाणें तह बदलण्याची सोय, पारतंत्र्यांतील लोकांची स्वायत्तता, शस्त्रास्त्रांवर ताबा आणि धर्म व विचार ह्यांचें स्वातंत्र्य, असे ते सहा स्तंभ. त्या वर्षाच्या शेवटीं वक्त्यांचे जथे सुमारें शंभर शहरांतून फिरले, आणि गांवोगांवच्या चर्चमधून अभ्यासमंडळें निघाली. शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर रविवारच्या उपासनेनंतर बसून तहाच्या कलमांवर वाद घालीत आहेत, हें दृश्य १९१९ सालीं दिसलें नव्हतें. आणि त्याच सालीं अमेरिकन सिनेटनें राष्ट्रसंघाला पाठ दाखविली होती.

चौथा स्तंभ हिंदी वाचकाला विशेष जिव्हाळ्याचा. १९४१ च्या ऑगस्टमध्यें अटलांटिक सनद जाहीर झाली, आणि ९ सप्टेंबर रोजीं चर्चिल ह्यांनीं पार्लमेंटांत सांगून टाकलें कीं, तिच्यांतील स्वयंनिर्णयाचें कलम नाझी अमलाखालच्या युरोपीय राष्ट्रांपुरतें आहे; हिंदुस्थान व ब्रह्मदेश ह्यांची गोष्ट वेगळी. डेलावेअरची परिषद आटोपून तीन आठवडेही झाले नव्हते तोंच क्रिप्स साहेब दिल्लीस उतरले, आणि त्यांची शिष्टाई फसली. ह्या पार्श्वभूमीवर अमेरिकन धर्मसंस्थेनें ‘पारतंत्र्यांतील लोक’ असे शब्द भौगोलिक मर्यादा न घालतां वापरले, ह्याला महत्त्व होतें. ‘स्वातंत्र्य’ न म्हणतां ‘स्वायत्तता’ म्हटलें, हेंही तितकेंच ध्यानांत ठेवलें पाहिजे.

येथवरची हकीकत उद्याच्या जगाची झाली. परंतु युद्ध आज चालूं होतें, आणि त्याची पद्धति दर महिन्यास बदलत होती. ज्या माल्व्हर्न कॉलेजांत नव्या समाजाची चर्चा झाली, तेंच कॉलेज १९४२ च्या मे महिन्यांत सरकारनें रडारच्या संशोधनासाठीं ताब्यांत घेतलें. ढगांतून व काळोखांतून खालचें शहर विमानांतल्या पडद्यावर दाखविणारें यंत्र ज्या संशोधकांनीं सिद्ध केलें, त्यांचें ठाणें आतां येथें होतें. तें यंत्र वापरून ब्रिटिश विमानें १९४३ च्या जुलैअखेरीस हँबुर्गवर गेलीं. त्या आठवड्याभरांत उठलेल्या अग्निवादळांत सुमारें ४०,००० माणसें मेलीं. त्यांत बायकामुलें व वृद्ध फार.

ह्या गोष्टीविषयीं धर्मपरिषदांनीं काय म्हटलें? पुष्कळ अंशीं मौन पाळलें. बोलले ते चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल. जर्मन चर्चशीं त्यांचा संबंध जुना होता, हिटलरच्या राज्यांतून पळालेल्या निर्वासितांना त्यांनीं आसरा मिळवून दिला होता, आणि नाझी राजवटीविषयीं त्यांना कसलाही भ्रम नव्हता. १९४१ च्या मे महिन्यांत लंडनच्या स्टॉल नाट्यगृहांत कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट ह्यांची संयुक्त सभा भरली होती, तेव्हां सभेच्या अखेरीस सर्वांनीं मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी असें कार्डिनल हिन्स्ली ह्यांना सुचविणारे हेच. त्या रात्रीं लंडनवर त्या साऱ्या काळांतला अत्यंत भयंकर हल्ला झाला. तरी दुसऱ्या दिवशींची सभा ठरल्याप्रमाणें पार पडली. बाँब म्हणजे काय हें बेल ह्यांना इंग्लंडांत राहूनच कळलें होतें.

९ फेब्रुवारी १९४४ रोजीं त्यांनीं सरदारांच्या सभागृहांत सरकारला जाब विचारला. लष्करी ठिकाणें व कारखाने ह्यांवर हल्ला करणें वेगळें, आणि अख्खें शहर हेंच लक्ष्य मानून तें भाजून काढणें वेगळें. दुसरी गोष्ट करतांना आपण ज्यासाठीं लढतों त्याचेंच मोल आपण घालवीत आहों, असा त्यांचा युक्तिवाद होता. निवृत्त झालेल्या लँग ह्यांनीं त्यांना थोडी साथ दिली. सरकारतर्फें लॉर्ड क्रॅनबोर्न ह्यांनीं नकाराचें उत्तर दिलें. आणि टेंपल? ते ह्या प्रश्नांत बेल ह्यांच्या बाजूस उभे राहिले नाहींत. संपत्तीच्या विषमतेवर निर्भयपणें लिहिणाऱ्या ह्या उदार पुरुषाला बाँबफेकीचें सरकारी समर्थन पटलेलें होतें. १९४४ च्या ऑक्टोबरमध्यें टेंपल ह्यांचें अकस्मात् निधन झालें. त्यांच्या जागीं बेल ह्यांची निवड झाली नाहीं, ती लंडनचे बिशप फिशर ह्यांची झाली. त्या एका भाषणाची किंमत बेल ह्यांना अशी द्यावी लागली, असें पुष्कळांचें मत आहे. अमेरिकेंतही तोच अनुभव आला. व्हेरा ब्रिटन ह्या इंग्रज लेखिकेचा शहरांवरील बाँबफेकीविरुद्धचा लेख तिकडे प्रसिद्ध झाला तेव्हां २८ धर्मोपदेशक व लेखकांनीं त्याच्या पाठिंब्याच्या निवेदनावर सह्या केल्या, आणि त्यांच्यावर चोहोंकडून टीकेचा भडिमार झाला. ‘सहा स्तंभां’चें स्वागत करणाऱ्या देशांत आजच्या कृत्याची चौकशी करणाऱ्यांना जागा नव्हती.

आणखी एक परिषद ह्याच काळांत भरली. तिला व्यासपीठ नव्हतें, कीं वर्तमानपत्रांत बातमी नव्हती. १९४२ च्या मे महिनाअखेर स्वीडनमधील सिगटूना येथें बेल ह्यांची गांठ डीट्रिश बोनहोफर ह्या तरुण जर्मन धर्मोपदेशकाशीं पडली. हिटलरविरुद्ध कट शिजत आहे, त्यांत कोण कोण आहेत, हें बोनहोफर ह्यांनीं विश्वासानें सांगितलें. बेल ह्यांनीं तें परराष्ट्रमंत्री ईडन ह्यांच्या कानावर घातलें. उत्तर देणें राष्ट्रहिताचें नाहीं, असा निरोप आला. त्याच सालच्या शरद्ऋतूंत बोनहोफर फ्रायबुर्ग येथें गेले आणि तेथल्या विद्यापीठांतील कांहीं प्राध्यापकांना त्यांनीं जर्मनींतील विरोधी चर्चच्या वतीनें एक काम सांगितलें. युद्ध संपल्यावर जगांतील चर्च एकत्र येतील, त्यांच्यापुढें ठेवण्यासाठीं जर्मनीच्या नव्या घडीचा आराखडा लिहावा. अर्थशास्त्रज्ञ फॉन डीट्से, लांपे व ऑयकेन आणि इतिहासकार रिटर ह्यांनीं तें अंगावर घेतलें. नोव्हेंबरांत डीट्से ह्यांच्या घरीं बैठक भरली. लाइपझिगचे माजी महापौर गेर्डेलर तिला हजर होते. १९४३ च्या जानेवारींत टिपण पुरें झालें.

माल्व्हर्नमध्यें जो प्रश्न विचारला तोच येथें विचारला गेला. फक्त येथें तो विचारणें हाच राजद्रोह होता. बोनहोफर ह्यांना एप्रिल १९४३ मध्यें अटक झाली. जुलै १९४४ मधील कट फसल्यावर डीट्से, लांपे व रिटर तुरुंगांत गेले. गेर्डेलर ह्यांना २ फेब्रुवारी १९४५ रोजीं आणि बोनहोफर ह्यांना ९ एप्रिल रोजीं ठार मारण्यांत आलें. मधल्या काळांत, २७ नोव्हेंबर १९४४ च्या रात्रीं, ब्रिटिश विमानांनीं फ्रायबुर्गवर बाँब टाकले. अडीच हजारांहून अधिक लोक मेले, आणि जुन्या शहराच्या पडक्या भिंतींत तेथलें मध्ययुगीन मुख्य चर्च तेवढें उभें राहिलें.

ह्या टिपणाकडे केवळ भक्तिभावानें पाहूनही चालणार नाहीं. त्यांतील आर्थिक भाग पुढें पश्चिम जर्मनीच्या अर्थनीतीला उपयोगी पडला, हें खरें. परंतु त्याला जोडलेल्या ज्यूंविषयींच्या पुरवणींत, ज्यूंवरील अत्याचारांचा निषेध व भरपाईची मागणी ह्यांबरोबरच, त्यांना वेगळा आंतरराष्ट्रीय दर्जा देऊन प्रत्येक देशांत परकीयांप्रमाणें वागवावें, अशी सूचना आहे. गळ्याभोंवतीं फांस असतां लिहिणाऱ्या शूर माणसांच्या हातूनही तो जुना विटाळ सुटला नव्हता. पुढील इतिहासकारांना हा भाग वाचणें सर्वांत जड गेलें आहे.

युद्धाच्या अखेरीस अमेरिकन अभ्यासमंडळांचें फळ हातीं आलें. जानेवारी १९४५ मध्यें क्लीव्हलंड येथें भरलेल्या परिषदेनें संयुक्त राष्ट्रांच्या मसुद्याला पाठिंबा दिला, पण नऊ सुधारणा मागितल्या. मानवी हक्कांसाठीं खास आयोग असावा ही त्यांपैकीं एक. सॅन फ्रान्सिस्को येथें धर्मसंस्थेचे प्रतिनिधि फ्रेडरिक नोल्ड ह्यांनीं ज्यू संस्था व मजूरसंघ ह्यांच्या प्रतिनिधींसह ती मागणी अमेरिकन परराष्ट्रमंत्र्यांपुढें नेटानें मांडली, आणि आयोगाचा उल्लेख सनदेंत आला. ह्याच आयोगावर हिंदुस्थानातर्फें मुंबई कायदेमंडळाच्या सभासद श्रीमती हंसाबेन मेहता ह्या होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमांत ‘मेन’, म्हणजे पुरुष, असा शब्द होता. त्याच्या जागीं ‘सर्व मानव’ असा अर्थ देणारे शब्द त्यांनीं आग्रहानें घालविले. १० डिसेंबर १९४८ रोजीं तो जाहीरनामा मान्य झाला. त्यांतील १८ व्या, धर्मस्वातंत्र्याच्या, कलमासाठीं नोल्ड सतत आयोगाच्या बैठकांना हजर राहिले होते.

बेल ह्यांचा प्रश्नही त्या धर्मसंस्थेला टाळतां आला नाहीं. हिरोशिमानंतर, ९ ऑगस्ट १९४५ रोजीं, संस्थेचे अध्यक्ष बिशप ऑक्सनम व डलेस ह्यांनीं जपानला विचारास अवधि मिळावा म्हणून अण्वस्त्रांचा वापर थांबविण्याची जाहीर विनंति केली. त्याच दिवशीं नागासाकीवर दुसरा बाँब पडला. मार्च १९४६ मध्यें संस्थेच्या धर्मपंडितांच्या समितीनें आपला अहवाल काढला. त्यांत हिरोशिमा व नागासाकी ह्यांवरील आकस्मिक हल्ले नैतिक दृष्ट्या असमर्थनीय ठरविले होते आणि अमेरिकन ख्रिस्ती समाजाच्या वतीनें पश्चात्ताप व्यक्त केला होता. डलेस त्या समितीवर नव्हते. १९५३ सालीं ते अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. १२ जानेवारी १९५४ रोजीं न्यूयॉर्क येथें केलेल्या भाषणांत, शत्रूनें आगळीक केल्यास आपल्या निवडीच्या जागीं व आपल्या निवडीच्या साधनांनीं प्रचंड प्रतिप्रहार करण्याचें धोरण त्यांनीं जगापुढें मांडलें. तीं साधनें म्हणजे कोणतीं, हें ऐकणाऱ्यांना विचारावें लागलें नाहीं.